नारळ वाढवताना

ओल्या नारळाच्या करंज्या करायच्या असं घरात ठरलं, की माझ्या पोटात गोळा उठतो. करंज्या मला आवडत नाहीत असं नाही. उलट, तळणीतून निघालेली पहिली करंजी देवाला दाखवायच्या आधीच माझ्या पोटात गेल्याचे दाखले आमच्या घरात आहेत. पण करंजीच्या आधी सारण, सारणाच्या आधी खोबरं आणि खोबऱ्याच्या आधी नारळ येतो. आणि नारळ फोडणं हे आमच्याकडे माझं काम आहे. माळ्यावरचे डबे काढणं, गॅसची टाकी बदलणं, पाल हाकलणं आणि नारळ फोडणं, अशी चार कामं पुरुषाची म्हणून माझ्या वाट्याला आली आहेत. पहिली तीन मी बरी करतो.

परवा असाच मी स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत उकिडवा बसून एका नारळाशी झुंजत होतो. चार घाव घालून झाले होते, त्यांतले दोन नारळाला लागले होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती न्यू जर्सीला असते, आणि दिवाळी जवळ आली की तिला आमच्या स्वयंपाकघराची फार आठवण येते. मी धापा का टाकतो आहे असं तिनं विचारलं. मी सांगितलं. तशी ती म्हणाली, "बाबा, इथे दुकानात नारळ मिळतो ना, त्याच्या करवंटीवर मधोमध खाच पाडलेलीच असते. सुरीच्या पाठीनं टकटक केलं, की दोन वाट्या मोकळ्या!"

"ही लबाडी झाली," मी म्हणालो. "असला नारळ देवापुढे चालायचा नाही."

"देवाला कशाला सांगायचं?" ती म्हणाली आणि हसली.

फोन झाला, पण मी नारळ हातात धरून तसाच बसून राहिलो. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली.

ती गोष्ट सांगण्याआधी माझी पात्रता सांगितली पाहिजे. नारळ फोडण्याच्या जितक्या रीती आहेत, तितक्या मी करून चुकलो आहे. १९७९ साली लग्न झालं आणि गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं, तेव्हा जिन्याच्या पायरीला असलेल्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटायचा, असा तिथला रिवाज होता. पहिल्याच दिवशी माझ्या हातून नारळ निसटला. तीन जिने उतरून तो खाली गेला. वाटेत एक गृहस्थ आरेच्या दुधाची काचेची बाटली घेऊन वर येत होते, ती त्यानं फोडली. स्वतः मात्र अभंग राहिला. खालच्या बिऱ्हाडातल्या पोरानं तो वर आणून दिला आणि "काका, पुन्हा टाकताय का?" म्हणून उत्सुकतेनं उभा राहिला.

पुढे डोंबिवलीला ब्लॉक घेतला. तिथे मोझॅकच्या फरशीवर नारळ ठेवून मी वर बत्ता घातला. तडा गेला, पण फरशीला. तो अजून आहे. पाहुणे आले की सौभाग्यवती त्यावर पाट ठेवतात. मग पाट्यावर ठेवून वरवंटा घालून पाहिला. दाराच्या बिजागरीत अक्रोडासारखा धरून पाहिला, तेव्हा चौकटीचा स्क्रू उपटून आला. पोत्यात गुंडाळून हातोडीनं ठेचला, तर खोबऱ्यात सुतळीचे तंतू निघाले. एक इंजिनिअर भाचा आहे, त्यानं नारळ ओव्हनमध्ये ठेवायला सांगितला. करवंटी तडकते हे खरं, आणि खोबरंही सुटून येतं, पण ते अर्धवट भाजलेलं. त्याची चटणी होईल, करंजी नाही. बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवला तरी खोबरं करवंटीपासून सुटतं. पण मोदक दुपारी बाराला व्हायचे असतात आणि ही अक्कल सकाळी दहाला सुचते. त्यातल्या त्यात शहाणपणाची रीत म्हणजे नारळाच्या तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसून आधी पाणी काढून घ्यायचं. यानं नारळ फुटत नाही, पण निदान पाणी तरी आपलं होतं.

हे सगळं करून झाल्यावर माणूस निमूटपणे कोयत्याकडे येतो. माझ्याकडचा कोयता माझ्या वडिलांचा, अण्णांचा आहे. त्याची लाकडी मूठ तळहातानं झिजून गुळगुळीत झाली आहे. आणि एक गोष्ट मला स्वतःच्या तर्फे नोंदवलीच पाहिजे: रोजच्या नारळाशी माझी अशी दुर्दशा होत असली, तरी वर्षातून एकदा, गणपतीपुढे, माझ्या हातून नारळ एका घावात फुटतो. गेली पंधरा-सोळा वर्षं त्यात एकदाही चूक झालेली नाही. रक्तात असलेला गुण देवापुढे वर येतो, अशी माझी त्यावर समजूत आहे. म्हणजे, परवापर्यंत होती.

आमचं घर मूळचं श्रीवर्धनचं. पेशव्यांचं गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आणि रोठा सुपारीमुळे बाजारात, अशी त्या गावाची दोन ठिकाणी ओळख. घरामागे वाडी होती; पोफळींच्या दाटीत अधूनमधून नारळ. नारळ बाणवली जातीचे. गोव्यातल्या बाणावलीवरून ते नाव पडलं आहे. हे झाड लावलं की सहा-सात वर्षं त्याच्याकडे काही मागायचं नाही. पुढे मात्र ते माणसाच्या आयुष्याला पुरतं. फुलोऱ्यापासून नारळ पक्का व्हायला वर्षभर लागतं. कोवळा असताना शहाळं, मग आडसर, मग नारळ. झाडावरून उतरला की तो असोला. असोला सोलायला वाडीत एक पहार टोक वर करून जमिनीत रोवलेली असे. गडी दोन्ही हातांनी असोला तिच्या टोकावर मारायचा आणि पिळायचा, की सोडणाची एक फाक अलग व्हायची. तीन-चार फाकांत नारळ मोकळा. केरळच्या कृषी विद्यापीठानं या कामासाठी दांडी ओढून सोडण फाकवणारं एक साधं हत्यार काढलं आहे. ते पाहिलं तेव्हा मला त्या गड्याची मनगटं आठवली. हात जरा चुकला तर पहार तळव्यातून जायची, पण त्याचं बोलणं मात्र अखंड चालू असायचं.

सोलताना शेंडी ठेवायची. ती नुसती शोभेला नाही. तिच्याखाली नारळाचे तीन डोळे असतात, कोंब फुटतो तो त्यांतूनच, आणि बुरशी शिरते तीही तिथूनच. शेंडी काढली की नारळ फार दिवस टिकत नाही.

अण्णा गावातल्या शाळेत संस्कृत शिकवायचे. अंगानं किरकोळ, आवाज बारीक. वर्गात पोरं त्यांना फारशी भीत नसत. पण भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आरती आणि मंत्रपुष्प झालं, की ते मुकटा सावरून उभे राहायचे, डाव्या तळहातावर नारळ आणि उजव्या हातात कोयता घ्यायचे, आणि त्या क्षणी ते मला भीमासारखे वाटायचे. कोयत्याची धार वर, पाठ खाली. एकच घाव. कोरडा, आखूड आवाज व्हायचा. खालच्या तांब्यात पाण्याची धार पडायची, आणि अण्णांच्या दोन हातांत दोन सारख्या वाट्या असायच्या. कडा अशी सरळ, की जशी दोरी धरून कापली आहे. आळीतली माणसं तेवढं बघायला थांबत. मग अण्णा दरवर्षी तेच सांगायचे. मल्लिनाथानं 'किरातार्जुनीया'वर टीका लिहिताना भारवीच्या वाणीला नारळाची उपमा दिली आहे. वरून कठीण, आत रस. आणि तो नारळ रसिकांसाठी आपण फोडतो आहोत, असं त्याचं म्हणणं. "टीकाकाराचं काम एवढंच," अण्णा म्हणायचे, "घाव कुठे घालायचा ते त्याला ठाऊक पाहिजे."

आई तेव्हा आत मोदकांच्या पातेल्याशी असायची.

आईचा आणि नारळाचा संबंध यायचा तो विळीवर. एक पाय दुमडून ती विळीच्या पाटावर बसायची आणि खोवणीच्या दातऱ्यावर नारळाची कवड अशी फिरवायची, की ताटात पांढराशुभ्र कीस पडत राही आणि करवंटीचा काळा कण त्यात येत नसे. आमटीत नारळ, भाजीत नारळ, सोलकढीत नारळ; त्या घरात तिच्या हातून किती हजार नारळ खोवून झाले असतील त्याची गणती नाही. पण नारळ फोडायचा पुरुषानं, बाईनं नाही. नारळ म्हणजे बीज, आणि बीज बाईनं फोडू नये, असं आजी सांगायची. सगळीकडे हा नियम आहे असं नाही, पण आमच्याकडे होता, आणि आजी होती तोवर तो पक्का होता.

शिवाय देवाचा नारळ 'फोडायचा' नाही, 'वाढवायचा'. आपली भाषा अशा जागी फार जपून बोलते. शुभ वस्तू फुटली, मोडली, असं तिला म्हणवत नाही. दुकानाच्या उद्घाटनाला नारळ वाढवतात. नारळी पौर्णिमेला कोळीबांधव नारळ समुद्राला देतात, तो तर अखंडच जातो. अण्णा दरसाल नारळ वाढवायचे आणि मला तो शब्द फार आवडायचा. फुटून पुन्हा वाढणारी वस्तू!

१९७५ च्या वैशाखात अण्णा गेले. मी मुंबईला नोकरीला होतो. तार मिळून पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. माजघराच्या दाराशी मी उभा होतो, आत बायका होत्या, आणि त्यांच्यातलं कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बांगड्या वाढवल्या का गं?"

तोच शब्द. त्या दिवसापासून तो मला पूर्वीसारखा ऐकू आलेला नाही.

वर्ष सरलं. १९७६ च्या भाद्रपदात गणपती पुन्हा घरी बसला आणि नारळ वाढवण्याचा मान माझ्याकडे आला. अण्णांचा मुकटा नेसून मी उभा राहिलो. आळीतली माणसं होती, काका होते. मी कोयता उचलला, पाठ खाली केली, नेम धरला आणि घाव घातला. नारळ तसाच. दुसरा घातला, कोयता घसरून अंगठ्याला चाटून गेला. तिसरा, चौथा. सहाव्या घावाला नारळ फुटला, तो पाच तुकड्यांत. पाणी सगळं मुकट्यावर. कोणी हसलं नाही, हेच वाईट. काका म्हणाले, "असू दे. अण्णांचा हात वेगळा होता." मागून एक म्हातारी पुटपुटली, "यंदा काय वाढून ठेवलंय कोण जाणे."

मी दिवसभर कोणाशी बोललो नाही. रात्री सगळे निजल्यावर पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा होता. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीला खोबरं लागणार होतं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या हातात अण्णांचा कोयता होता. मी दारातच थांबलो. तिनं शेंडीकडून नारळावर बोट फिरवलं, कुठेतरी थांबवलं आणि कोयत्याच्या पाठीनं एक ठोका दिला. मोठा नाही; दार वाजवावं तेवढा. नारळ थोडा फिरवला, दुसरा ठोका. पुन्हा फिरवला, तिसरा. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला. आधीचे दोन टणक होते, हा बसका निघाला. मग तिनं खाली पातेलं ओढलं, एक घाव घातला, आणि तिच्या दोन हातांत दोन सारख्या वाट्या होत्या. कडा सरळ.

"आई," मी म्हणालो, "तू नारळ फोडतेस?"

ती दचकली नाही. "मग काय तुझी वाट बघत बसू? तू महिन्यानं एकदा येणार. तोवर आमटी अळणी खाऊ?"

"शिकलीस कधी?"

तिनं उत्तर दिलं नाही. दुसरा नारळ माझ्या हातात दिला, माझं बोट धरलं आणि त्यावरून फिरवलं. डोळ्यांच्या मधून निघून करवंटीवर तीन शिरा गेलेल्या असतात. डोळ्यांना त्या नीट दिसत नाहीत, बोटाला लागतात. नारळाचा पोटाचा भाग जिथे सगळ्यांत रुंद, तिथे या प्रत्येक शिरेवर एकेक ठोका द्यायचा. "शीर धरून मारलं की मुकाट्यानं फुटतो," ती म्हणाली. "तू सकाळी मारत होतास ते शिरांच्या मधल्या जागी. शक्तीनं काय होतंय?"

आणि मग, त्या चाळीसच्या दिव्याखाली, खोबरं खोवता खोवता तिनं मला सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"लग्न झालं त्या वर्षीचा गणपती. ह्यांनी घाव घातला, नारळ फुटेना. चार-पाच घाव झाले. शेवटी फुटला तो नासका निघाला. वास सुटला सगळ्या माजघरात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. पुढे दिवाळीत गाभण गाय मेली, ती त्या नारळाच्या खात्यावर. मामंजींचा पाय मोडला, तोही त्याच खात्यावर. नारळ धड फुटला नाही की खापर फुटायचं ते माझ्या डोक्यावर. मी सोळा वर्षांची. म्हटलं, आपलं डोकं आपणच सांभाळायला हवं."

दुसऱ्या वर्षीपासून गणपतीचा नारळ तिनं निवडून ठेवायला सुरुवात केली. हाताला जड आहे ना, कानाशी हलवला की पाणी वाजतं ना, डोळे कोरडे आहेत ना, तिथे नाक लावलं तर आंबूस वास येत नाही ना. रोजचे नारळ फोडून शिरांची ओळख करून घेतली. आजी दुपारी निजली की, मागल्या पडवीत. आणि चतुर्थीच्या पहाटे, घर उठायच्या आत, देवाच्या नारळाला तीन शिरांवर तीन हलके ठोके. करवंटीला केसाएवढा तडा जायचा. आतलं खोबरं सांधून धरायचं, म्हणून पाणी गळायचं नाही. मग ती त्या तड्यावरून हळदकुंकवाची बोटं ओढायची, आणि नारळ देवापुढे नेऊन ठेवायची.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे अण्णा उभे होते, मुकटा सावरून, मल्लिनाथ सांगत. आणि मल्लिनाथ आत मोदकाच्या उकडीला पाणी लावत होता!

"मग या वर्षी का नाही केलंस?" मी विचारलं. माझ्या आवाजात तक्रार होती, ती अजून माझ्या कानांत आहे.

खोवणीवरचा तिचा हात थांबला. "या वर्षी देवाच्या नारळाला मी हात कसा लावू?" ती म्हणाली. "मला हळदकुंकवाची बोटं ओढता येतात का आता?"

यावर बोलण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "अण्णांना हे ठाऊक होतं?"

"कोण जाणे. मी कधी बोलले नाही, त्यांनी कधी विचारलं नाही." मग ती थोडी हसली. "तू सातवीत होतास बघ, चतुर्थीला मी तापानं फणफणले होते. ठोके द्यायचे राहिले. आरती झाल्यावर ह्यांनी नारळ हातात घेतला, अंगठा त्यावरून नुसता फिरवला, आणि तुझ्या काकांना म्हणाले, यंदा मान तुझा."

ते मला आठवत होतं. काकांना सात घाव लागले होते, आणि पुढे कित्येक दिवस अण्णा त्यांना त्यावरून चिडवत होते.

"पण तडा गेलेला नारळ देवाला..." मी म्हणालो. मुंबईत चार वर्षं काढलेला मुलगा मी, सोवळंओवळं मानत नाही असं मित्रांना सांगणारा. पण हे मला खटकलं, हे खरं.

"देवाला ठाऊकच होतं की," आई म्हणाली. "त्याला वेगळं सांगायचं कशाला? सांगायचं नव्हतं ते सासूबाईंना."

पुढच्या वर्षी, १९७७ च्या चतुर्थीला, मी पहाटे उठलो, देवापुढचा नारळ उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन तिच्यापुढे ठेवला. बाजूला कोयता ठेवला. तिनं आधी नारळाकडे बघितलं, मग दाराकडे. हात पुढे केला नाही. बाहेर काकांच्या खोकण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ती उठून जाणार. पण तिनं पदराला हात पुसले, नारळ घेतला, बोट फिरवलं. तीन ठोके. मग नारळ माझ्याकडे देत म्हणाली, "बोटं तू ओढ." मी ओढली. जरा वाकडीतिकडी आली. त्या दिवशी आरतीनंतर मी एका घावात नारळ वाढवला आणि काका म्हणाले, "आता आला हात."

तेव्हापासून दरवर्षी हे असंच चाललं. १९९१ साली श्रीवर्धनचं घर बंद करून आई आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली, गणपतीही आला, कोयताही आला. चतुर्थीच्या पहाटे आम्हा दोघांचं काम ठरलेलं असे. सौभाग्यवती तेव्हा अंघोळीला गेलेल्या असत, मुलगी झोपलेली असे. निदान माझी तशी कल्पना होती. मी दोघींनाही यातलं काही सांगितलं नव्हतं. आईचं गुपित आहे, आपण कोण सांगणार, असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर माझ्या एका घावाचं घरात थोडं कौतुक होतं, तेही मला हवं होतं.

२००९ साली आई गेली. त्या वर्षानंतरच्या गणपतीत मी ठरवलं, की आता ठोके नाहीत, काही नाही. सरळ घाव घालायचा; सहा लागले तर सहा. आरती झाली, उभा राहिलो, कोयता मारला. एका घावात दोन वाट्या! माझे डोळे भरून आले. आईनं वरून हात दिला असं त्या क्षणी वाटलं, आणि पुढच्या वर्षी तेच झाल्यावर आपलाच हात बसला असं वाटू लागलं. माणूस किती लवकर वरच्याचं श्रेय स्वतःकडे घेतो! ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि आमची वाडी दुपारच्या दुपारी आडवी झाली. आता नारळ आम्ही बाजारातून आणतो, केरळ-कर्नाटकातून आलेले. पण चतुर्थीचा एक घाव काही चुकलेला नाही.

आणि परवा, तो चार घाव खाऊन धडधाकट राहिलेला नारळ हातात धरून मी बसलो असताना, मला एक साधी गोष्ट सुचली. ती पंधरा वर्षांत का सुचली नाही, हे मला सांगता येत नाही. रोजच्या नारळाला आठ घाव आणि देवाच्या नारळाला एक, हा कसला हात? आणि माझ्या मुलीला ते वाक्य कुठून मिळालं? आजी गेली तेव्हा ती चांगली कॉलेजात होती. शाळेपासूनच आजीबरोबर रात्री कांदे चिरत, लसूण सोलत स्वयंपाकघरात बसायची. सौभाग्यवतींनी तर त्याच ओट्यापाशी आईबरोबर अठरा वर्षं काढली.

मी नारळ घेऊन आत गेलो. सौभाग्यवती करंज्यांचा रवा मळत होत्या.

"एक विचारू?" मी म्हणालो. "गणपतीचा नारळ कोण निवडतं गं?"

"का?" तिनं मान वर केली नाही.

"आणि चतुर्थीला पहाटे तू इतक्या लवकर उठून काय करतेस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. रव्याचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. हात धुतले.

"मग रोजच्या नारळाशी मला असा का झुंजवतेस?" मी म्हणालो.

"रोजच्या नारळाला बघायला कोण येतं?" ती म्हणाली. "द्या इकडे."

मी नारळ दिला, कोयता दिला. तिनं शेंडीकडून बोट फिरवलं. तीन ठोके दिले. तिसरा बसका निघाला. मग तिनं पातेलं ओट्यावर सरकवलं आणि नारळ पुन्हा माझ्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली, "आता फोडा."